गाडी तापतेय? रेडिएटर बदलायच्या आधी त्याची कॅप बघा

गाडी तापायला लागली की गॅरेजमधे जी यादी निघते ती साधारण ठरलेली असते, आधी कूलंट टॉप-अप, मग थर्मोस्टॅट (पाणी ठराविक तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), मग फॅनची मोटर, मग वॉटर पंप आणि शेवटी "रेडिएटर चोक झालाय साहेब, नवीन टाकायला लागेल". या सगळ्यात रेडिएटरच्या डोक्यावर बसलेल्या चपट्या कॅपकडे कोणी धड बघत नाही, उघडायची, पाणी ओतायचं, परत लावायची, एवढाच तिचा उपयोग समजतात. खरं तर ती कॅप म्हणजे दोन बाजूंनी काम करणारा व्हॉल्व्ह आहे आणि पूर्ण कूलिंग सिस्टिमचं प्रेशर तीच ठरवते. ती कमजोर झाली तर नवाकोरा रेडिएटर असूनही गाडी उकळणार, आणि ती जाम झाली तर चांगला होस (पाण्याचा रबरी पाइप) नाहीतर रेडिएटरची टाकी फुटणार. पार्ट शंभर-दोनशेपासून चार-पाचशे रुपयांपर्यंत मिळतो, तपासायला बहुतेक वेळा डोळे आणि बोटं पुरतात, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तापणाऱ्या गाडीत पहिली तपासणी कॅपची, बाकी सगळं नंतर.

आधी उघडायची कशी ते

गरम गाडीची कॅप उघडायची नाही. कितीही घाई असो, घाटात मागून कितीही हॉर्न वाजोत, उघडायची नाही. कारण समजून घ्या म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. चालत्या गाडीतलं पाणी ११०-११५ डिग्रीपर्यंत गेलेलं असू शकतं आणि तरी ते उकळत नाही कारण त्याच्यावर प्रेशर आहे. तुम्ही कॅप फिरवली की ते प्रेशर क्षणात जातं, आणि मग त्या पाण्याला १०० डिग्रीच्या वर पाणी म्हणून राहताच येत नाही, जास्तीच्या उष्णतेत जेवढं पाणी वाफ होऊ शकतं तेवढं जागच्या जागी वाफ होतं. समजा गाडीत सहा लिटर पाणी आहे आणि ते ११५ डिग्रीला आहे, तर हिशोबाने त्यातलं जेमतेम दीड-पावणेदोनशे मिली वाफ होईल, ऐकायला काहीच नाही, पण पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा घेते, म्हणजे अडीचशे लिटरच्या वर वाफ त्या दोन बोटांच्या तोंडातून एकदम बाहेर येणार आणि येताना मागचं उकळतं पाणी घेऊन येणार. आपण वाकून बघत असतो त्यामुळे ते येतं सरळ तोंडावर, मानेवर, हातावर. माणसं यात कायमची भाजलीत. फडकं धरून उघडली तरी फडकं भिजतं आणि तेच गरम फडकं हाताला चिकटतं.

त्यामुळे इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं, मे महिन्यात जास्त. मग रेडिएटरला जाणारा वरचा जाड होस फडक्याने दाबून बघायचा, तो टणक लागला तर आत अजून प्रेशर आहे, थांबा. मऊ लागला आणि रेडिएटरला हात टेकवता आला तरच पुढे जायचं. तरीही जाड सुकं फडकं टाकूनच, तोंड बाजूला ठेवून, कॅप न दाबता हळूच पाव फेरा फिरवायची. तिथे ती अडते, तो थांबा मुद्दाम दिलेला आहे, उरलंसुरलं प्रेशर तिथे सुस्स करत ओव्हरफ्लोच्या पाइपातून निघून जातं. आवाज पूर्ण थांबला की मग खाली दाबून पुढे फिरवायची आणि काढायची. खरं सांगायचं तर कॅप तपासायची चांगली वेळ म्हणजे सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, मग हे काही टेन्शनच नाही.

आणि कोणी भाजलंच तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, अंगठी-घड्याळ काढा, आणि दवाखान्यात न्या. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका.

प्रेशर लागतंच कशाला

समुद्रसपाटीला पाणी १०० डिग्रीला उकळतं, आणि इंजिनचं नेहमीचं काम ८५ ते १०० च्या आसपास चालतं. म्हणजे उघड्या सिस्टिममधे हातात काहीच राखीव राहत नाही, कल्याण फाट्याला ट्रॅफिकमधे अडकलात आणि दहा डिग्री वर गेलं की उकळलंच. म्हणून सिस्टिम बंद करून प्रेशरमधे ठेवतात, घरातल्या कुकरमधे डाळ लवकर शिजते ती ज्या कारणाने त्याच कारणाने, प्रेशर वाढलं की पाणी उशिरा उकळतं. कॅपवर ०.९ लिहिलं असेल तर हवेच्या दाबापेक्षा साधारण ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त प्रेशर ती धरून ठेवते आणि मग साधं पाणी ११८ च्या आसपास उकळतं. १.१ ची कॅप असेल तर १२१ च्या आसपास. त्यात अर्धं पाणी अर्धं कूलंट असेल तर आणखी सात-आठ डिग्री वर. म्हणजे एका छोट्या स्प्रिंगने तुम्हाला वीस-पंचवीस डिग्रीची उसंत दिलेली असते.

दुसरं कारण गॅरेजमधे सहसा कोणी सांगत नाही पण ते जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा दाखवतो तो एका जागचा आकडा, पण सिलिंडर हेडमधे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूचं धातू त्याहून खूप जास्त तापलेलं असतं. प्रेशर कमी असेल तर तिथे पाण्याचे वाफेचे बुडबुडे धरतात, आणि बुडबुड्याच्या मागच्या धातूला पाणी लागतच नाही, मग ती जागा आणखी तापते. हेड वाकणं, गॅस्केट (हेडच्या खालचं सील) उडणं याची सुरुवात अशा ठिकाणी होऊ शकते आणि त्या वेळेला काटा अजून मधेच असू शकतो. शिवाय वॉटर पंपच्या तोंडाशी पाणी ओढलं जातं तिथे प्रेशर कमी पडलं की तिथेही बुडबुडे होतात आणि पंप पाणी ढकलण्याऐवजी नुसता फिरतो. कॅप गेली की हे सगळं एकत्र बिघडायला लागतं.

उंचीचाही हिशोब आहे. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे उघडं पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं. म्हणजे घाट चढून वर पोचताना इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं आणि तिथेच पाणी सगळ्यात लवकर उकळायला तयार. कॅप चांगली असेल तर तिथेही ११६ पर्यंत मोकळीक आहे, कॅप गेलेली असेल तर काहीच नाही. आपली बरीच मंडळी गाडी घेऊन लेह-लडाखला जातात, खारदुंगला ५३०० मीटरच्या वर आहे, तिथे उघडं पाणी ८२-८३ डिग्रीला उकळतं. बऱ्याच गाड्यांचा थर्मोस्टॅट उघडतोच ८२ ते ८८ ला, म्हणजे थर्मोस्टॅट धड उघडायच्या आत पाणी उकळून मोकळं. ०.९ ची चांगली कॅप असेल तर तिथेही ते १०९ च्या आसपास जातं. अशा ट्रिपच्या आधी टायर, ब्रेक सगळे बघतात, कॅप पण बघा.

आत काय चालतं

कॅप उलटी करून बघा. सगळ्यात वर, पत्र्याला लागून एक पातळ रबर किंवा डायफ्रॅम असतो, तो रेडिएटरच्या गळ्याच्या, म्हणजे कॅप बसते त्या तोंडाच्या, वरच्या कडेवर बसतो. मधे मोठी स्प्रिंग. स्प्रिंगच्या टोकाला ताटलीसारखा भाग आणि त्याला जाड रबराचं वायसर, हा गळ्याच्या आतल्या, खालच्या कडेवर (हिला सीट म्हणतात) दाबून बसतो, हाच प्रेशर व्हॉल्व्ह. आणि त्या ताटलीच्या बरोबर मधे एक छोटी पितळी बटणासारखी चकती असते, तो व्हॅक्यूम व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या गळ्याला वरच्या आणि खालच्या सीटच्या मधोमध एक छोटी नळी असते, तिथून बारीक पाइप शेजारच्या प्लास्टिकच्या रिझर्व्ह बाटलीत जातो.

सकाळी गाडी सुरू केली, पाणी तापलं, तापलं की फुगतं. ३० डिग्रीपासून ९५ पर्यंत पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं, सहा लिटरला दोनशे मिलीच्या वर. आत जागा नाही आणि पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे प्रेशर चढतं, ते स्प्रिंगच्या ताकदीपर्यंत आलं की खालचा व्हॉल्व्ह किंचित उचलला जातो आणि जास्तीचं पाणी बारीक पाइपातून बाटलीत जातं. हे रोज होतं, बिघाड नाही, बाटलीतली पातळी गरम गाडीला वर दिसते ती याच्यामुळेच. मग गाडी बंद केली, पाणी थंड होऊन आकसलं, आत पोकळी व्हायला लागली की मधली पितळी चकती खाली ओढली जाते आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमधे येतं. जेवढं गेलं तेवढं परत. ही ये-जा नीट चालू असेल तर रेडिएटर कायम काठोकाठ भरलेला राहतो आणि आत हवा राहत नाही.

आता परत येण्याची बाजू जास्त नाजूक आहे, इथेच बहुतेक भानगडी होतात. वरचं पातळ रबर फाटलं असेल तर जाताना काही कळत नाही, पण परत ओढताना बाटलीतून पाणी ओढण्यापेक्षा कॅपच्या कडेने हवा ओढणं सोपं, म्हणून हवा येते. बारीक पाइपाला चीर असेल तरी तेच, पाणी जाताना बाटलीत जातं, येताना चिरेतून हवा. पाइपाचं टोक बाटलीत पाण्याच्या वर राहिलं तरी हवाच. रोज थोडी हवा, थोडी हवा, आणि पंधरा दिवसांनी रेडिएटर अर्धा रिकामा पण बाटली मात्र भरलेली, मालक म्हणतो कूलंट तर फुल आहे मग गाडी तापते का. म्हणून नुसती बाटली बघून समाधान मानू नका, महिन्यातून एकदा थंड गाडीत कॅप काढून आत बोटाला पाणी लागतंय का ते बघा.

बऱ्याच नवीन गाड्यांमधे रेडिएटरवर कॅपच नसते. त्याऐवजी जाड पांढऱ्या प्लास्टिकची गोल टाकी असते, तिच्यावर आट्याची कॅप आणि MIN-MAX च्या खुणा. इथे टाकी स्वतःच प्रेशरमधे असते, कॅपमधे तसेच दोन व्हॉल्व्ह असतात, फक्त थंड झाल्यावर पाण्याऐवजी बाहेरची हवा आत घेतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही टाकी बाटलीसारखी दिसते म्हणून लोक गरम असताना बिनधास्त फिरवतात, धोका तोच आहे. दोन, MAX च्या वर भरू नका, वरची मोकळी जागा पाण्याला फुगायला मुद्दाम ठेवलेली असते, काठोकाठ भरली की कॅपमधून फेकणार आणि तुम्हाला वाटणार लिकेज आहे.

कॅप गेलीय हे कळतं कसं

सगळ्यात चांगली टेस्ट फुकट आहे. सकाळी थंड गाडीत बाटलीवर पातळीला मार्करने खूण करा. गाडी नेहमीसारखी चालवा, चांगली गरम झाली की थांबून बाटली बघा, उघडायची नाही, नुसती बघायची, पातळी बोटभर वर गेलेली दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा, ती खुणेवर आलेली पाहिजे. वर गेली आणि तिथेच राहिली तर परत येण्याची बाजू बंद आहे, व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चिकटलाय, वरचं रबर गेलंय किंवा पाइपात हवा शिरतेय. पातळी अजिबात हललीच नाही तर आत हवा भरलेली आहे किंवा पाणी दुसरीकडून बाहेर जातंय, कॅपच्या भोवती बघा. तीन-चार दिवस करा, एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका.

थंड झाल्यावर वरचा होस चपटा झालेला दिसला, जणू कोणीतरी आतून ओढून घेतलाय, तर व्हॅक्यूम व्हॉल्व्ह जाम आहे किंवा बारीक पाइप कचऱ्याने बंद झालाय. आत पोकळी झाली आणि भरायला काहीच आलं नाही म्हणून होस बसला. लोक अशा वेळी होस बदलतात, नवीनही आठ दिवसांत तसाच होतो.

बाकी खुणा डोळ्याला दिसतात. कॅपच्या भोवती पांढरा, हिरवा किंवा गुलाबी थर, बोनेटच्या आतल्या बाजूला शिंतोडे, गाडी तापल्यावर गोडसर वास, बाटलीत पाणी उकळल्यासारखा आवाज. आणि सपाट रस्त्याला काही त्रास नाही पण घाटात किंवा एसी लावून ट्रॅफिकमधे काटा चढतो, ही तर अगदी नेहमीची तक्रार, कमजोर स्प्रिंगची कॅप साध्या कामाला पुरते, जोर पडला की सोडते.

आता कॅप हातात घ्या, थंड गाडीतली. खालचं जाड रबर बघा, कडक झालंय का, चिरा आहेत का, नखाने दाबल्यावर दबतं का. सीटचा गोल ठसा प्रत्येक जुन्या रबरावर असतो, पण तो खोल खड्ड्यासारखा असेल तर ते रबर संपलं. ताटली टेबलावर दाबून स्प्रिंग बघा, चांगली स्प्रिंग अंगठ्याला जोर लावायला लावते आणि सोडली की सरळ परत येते, वाकडी येत असेल किंवा गंजून अडकत असेल तर बाद. मधली पितळी चकती नखाने हलकेच ओढा, ती सुटून परत चपळपणे बसली पाहिजे. काही कॅपमधे मात्र ती मुळातच सैल लोंबती ठेवलेली असते आणि प्रेशर आल्यावरच बंद होते, म्हणून सैल दिसली की लगेच फेकू नका, त्याच गाडीच्या नवीन कॅपशी ताडून बघा.

कॅप बघताना गळा विसरू नका, आतली सीट स्वच्छ सुती फडक्याने पुसा, तिथे क्षाराचे कण किंवा खरवडलेली रेघ असेल तर जगातली भारी कॅप लावली तरी ती धरणार नाही. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, प्लास्टिकचा गळा असेल तर एक ओरखडा पण महागात पडतो. गळ्याच्या बाहेरचे कान, ज्यात कॅप अडकते, ते वाकलेले किंवा तडकलेले नाहीत ना ते पण बघा.

पक्कं हवं असेल तर ज्या गॅरेजकडे कूलिंग प्रेशर टेस्टर आहे तिथे जा, हातपंपाला प्रेशर दाखवणारं घड्याळ लावलेलं असतं आणि कॅप बसवायला अडॅप्टर. कॅपवर लिहिलेल्या आकड्याच्या आसपास तिने सोडलं पाहिजे आणि त्याच्या खाली काटा जागेवर थांबला पाहिजे, हळूहळू उतरत असेल तर कॅप गळतेय. काम पाच मिनिटांचं आहे. तोच पंप रेडिएटरच्या गळ्याला लावून बाकी सिस्टिमचं लिकेज पण कळतं, ते एकाच वेळी करून घ्या.

नवीन घेताना

जुनी कॅप बरोबर न्या. आकडा बघा, ०.९, १.१, किंवा पीएसआयमधे १३, १५, १६, किंवा किलोपास्कलमधे ८८, १०८. आकडे वेगळे दिसले तरी ०.९ म्हणजे ८८ किलोपास्कल म्हणजे जवळपास १३ पीएसआय, आणि १.१ म्हणजे १०८ म्हणजे जवळपास १६. गाडीच्या पुस्तकात किंवा मूळ कॅपवर जे आहे तेच घ्यायचं. आधीच्या मालकाने भलतीच लावलेली असू शकते, म्हणून सेकंडहँड गाडी असेल तर पुस्तकच प्रमाण माना.

"१.१ टाका शेठ, तापणारच नाही" असं दुकानदार म्हणेल, ऐकू नका. कॅप गाडीला थंड करत नाही, ती फक्त पाणी उकळणं लांबवते. जास्त प्रेशरच्या कॅपने काटा एक रेघसुद्धा खाली येणार नाही, पण जुने होस, रेडिएटरची प्लास्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते तो जोड, आणि डॅशबोर्डच्या आतलं हीटरचं छोटं रेडिएटर यांच्यावर रोज जास्त ताण येणार. हीटरचं फुटलं तर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, मजुरीच किती जाते विचार करा. कमी आकड्याची कॅप लावली तर उलट, लवकर उकळणार.

आकडा जुळला म्हणजे झालं असंही नाही. सीट किती खोल आहे ते गाडीगणिक बदलतं, छोट्या ताटलीच्या आणि मोठ्या ताटलीच्या कॅप वेगळ्या. वरून बसते, फिरते, पण खालचं रबर सीटपर्यंत पोचतच नाही असं होऊ शकतं, आणि मग प्रेशर शून्य. जुनी आणि नवीन शेजारी ठेवून वरच्या रबरापासून खालच्या रबरापर्यंतची उंची डोळ्यानेच जुळवा. वरचं पातळ रबर नसलेल्या कॅप पण येतात, त्या बाटली नसलेल्या जुन्या सिस्टिमसाठी असतात, त्या बाटलीवाल्या गाडीला लावल्या तर पाणी जाईल आणि परत येणार नाही. लिक्विड कूल्ड बाइकवाल्यांनी हे जास्त बघावं, ड्यूक, आर-१५, एनएस-२०० या सगळ्यांना छोट्या कॅप असतात आणि दिसायला सगळ्या सारख्याच वाटतात.

लावायच्या आधी रेडिएटर काठापर्यंत भरा, बोअरचं पाणी नको, नळाचं पण नको, क्षार सीटवर आणि व्हॉल्व्हमधेच जाऊन बसतात आणि नवी कॅप वर्षभरात खराब होते. तयार मिक्स कूलंट किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. वेगवेगळ्या रंगांची भेसळ करू नका, आणि रंग सारखा आहे म्हणून तेच कूलंट आहे असंही समजू नका, डब्यावरचं वाचा. सांडलेलं लगेच धुवा, चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे, उरलेलं मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. रबरांना हवं तर बोटाने थोडं कूलंट लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, त्याने रबर फुगतं. मग दाबून शेवटपर्यंत फिरवा, अर्धी फिरलेली कॅप बसल्यासारखी वाटते पण ती पहिल्या थांब्यावरच असते.

रस्त्यात काटा चढला तर

बोर घाटात सुट्टीच्या दिवशी रांग लागते तेव्हा बोनेट उघडून उभ्या गाड्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. काटा नुसता चढायला लागलाय, वाफ नाही, तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, घाम फुटेल पण इंजिनची उष्णता तिकडून निघते, आणि सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. पाणी आहे आणि फॅन फिरतोय तर न्यूट्रलमधे थोडा वेळ चालू ठेवली तरी उतरतं. वाफ यायला लागली किंवा पाणी रस्त्यावर सांडलंय तर लगेच इंजिन बंद. एक फसवी गोष्ट, पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा एकदम खाली येऊ शकतो, माणसाला वाटतं बरं झालं थंड झाली आणि तो तशीच पुढे दामटतो, हेड तिथेच जातं. चढलेला काटा विनाकारण झटकन उतरला तर थांबा. गरम इंजिनमधे थंड पाणी ओतायचं नाही, हेड तडकू शकतं, आणि कॅप थंड होईपर्यंत उघडायची नाही हे वर सांगितलंच आहे.

कॅप बदलूनही पाणी कमी होत असेल

नवीन कॅप लावल्यावर चार-पाच दिवस ती मार्करची खूण बघत राहा. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी खाली जाणं साहजिक आहे, आत राहिलेली हवा बाहेर जाते आणि तिच्या जागी पाणी येतं, तेवढं बाटलीत भरा. त्यानंतरही रोज कमी होत असेल तर कॅपचा दोष नाही, लिकेज शोधा, वॉटर पंपच्या खाली, होसच्या क्लिपांशी, पुढच्या सीटखालचा गालिचा ओला आहे का.

आणि एक बिघाड असा आहे की तो हुबेहूब खराब कॅपसारखा दिसतो. हेड गॅस्केट गेलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो, तो गॅस कोणतीही कॅप अडवू शकत नाही, ती पाणी बाटलीत फेकतच राहणार. ओळखायचं असं की रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्या आतच, वरचा होस दगडासारखा टणक होतो, किंवा बाटलीत एकसारखे बुडबुडे येत राहतात. उष्णतेने आलेलं प्रेशर पाण्याबरोबर हळूहळू चढतं, गॅसचं लगेच चढतं. सोबत ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग बोलवा आणि हेडची टेस्ट करून घ्या.